अर्ध्या इंचाची गोष्ट

दोन काडतुसं टेबलावर शेजारी शेजारी उभी करा. पहिलं आहे .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ सालचं. उंची साधारण ८५ मिलिमीटर, अंगानं सडपातळ, बुडाशी पितळेचा एक पट्टा. दुसरं .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, २००१ सालचं. उंची ७२.६ मिलिमीटर, पोट सुटलेलं, खांदे चढे, पट्टा नाही. दोन्हींच्या तोंडाशी बसवलेली गोळी मात्र एकाच जाडीची, ७.८ मिलिमीटरची. १८० ग्रेनची गोळी घातली तर दोन्हींतून ती सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगानं बाहेर पडते. (ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपण सोनं गुंजेनं तोलायचो, तसे इंग्रज गोळी आणि दारू दाण्यानं तोलत आले. १८० ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेबारा ग्रॅम.)

म्हणजे गोळी तीच, वेग जवळपास तोच आणि उंचीत फरक फक्त अर्ध्या इंचाचा. या अर्ध्या इंचावरून अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षं वाद चालू आहे. कोलोरॅडो किंवा वायोमिंगच्या डोंगरांत एल्कच्या शिकारीला जाणारा माणूस नवी रायफल घ्यायला दुकानात शिरला की त्याला हा प्रश्न हमखास पडतो: लहान मॅग्नम की नेहमीचं मॅग्नम?

मराठी वाचकाला याचं काय? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकार संपवली, आणि ते बरंच झालं. तरीही या गोष्टीत आपला संबंध येतो. ज्या काडतुसांच्या वंशावळीतून हा वाद निघाला, त्यांना आकार देण्यात हिंदुस्थानातल्या उन्हाचा आणि इथल्या राजवटीच्या भीतीचा मोठा हात होता. दुसरं असं, की या वादात शेवटी पणाला लागतो तो जनावराचा जीव, आणि नेम चुकला तर पुढे काय होतं हे कुमाऊंच्या डोंगरांनी जितकं सोसलं तितकं क्वचितच कुणी सोसलं असेल.

उन्हाळा आणि पितळ

'मॅग्नम' हा शब्द लॅटिन. संस्कृतातल्या 'महा'चा तो दूरचा भाऊच, दोघांचं मूळ एक. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश बंदूककारांनी तो शब्द उचलला आणि ज्या पुंगळीत नेहमीपेक्षा जास्त दारू मावते, तिला लावला. नेमकी किती जास्त, याची व्याख्या तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मॅग्नम ही आधीपासून विक्रेत्याच्या तोंडची भाषा आहे, मोजमापाची नव्हे.

१८८४ साली पॉल व्येय या फ्रेंच रसायनज्ञानं धूर न होणारी दारू तयार केली. पाच वर्षांनी इंग्रजांनी आपली बिनधुराची दारू काढली, ती कॉर्डाइट. कॉर्ड म्हणजे दोरी. ही दारू शेवयांसारख्या लांब काड्यांत यायची आणि त्यांची जुडी पुंगळीत उभी बसवली जायची. काळ्या दारूपेक्षा तिची ताकद कितीतरी जास्त. पण तिचा एक स्वभावदोष होता: हवा तापली की ती जास्त जोरात जळायची. इंग्लंडच्या गारठ्यात व्यवस्थित चालणारं काडतूस मध्य प्रांतातल्या मे महिन्यात उडवलं, की आतला दाब भलताच वाढायचा. पितळेची पुंगळी फुगून नळीच्या खोबणीत घट्ट बसायची आणि बाहेर यायलाच तयार नसायची. समोर जखमी वाघ आणि बंदुकीत अडकलेली रिकामी पुंगळी, हा प्रसंग लंडनच्या कारागिरांनी स्वतः पाहिला नसला, तरी त्यांच्या गिऱ्हाइकांनी पाहिला होता.

यावर उपाय सोपा होता. पुंगळी मोठी करायची, म्हणजे तेवढीच दारू जास्त जागेत जळेल आणि दाब कमी राहील. शिवाय पुंगळीला बुडापासून तोंडाकडे थोडा निमुळता आकार द्यायचा, म्हणजे ती जरा सैल झाली की सुळकन बाहेर येईल. जॉन रिग्बी कंपनीचं १९११चं .४१६ याच विचारातून आलं. हॉलंड अँड हॉलंडचं १९१२चं .३७५ मॅग्नमही त्याच वळणाचं, लांब आणि निमुळतं. त्याची नुसती पुंगळीच ७२.४ मिलिमीटरची. आजचं .३०० शॉर्ट मॅग्नम गोळीसकट जेवढं भरतं, जवळजवळ तेवढी!

आता तो पितळेचा पट्टा. दुनळी बंदुकीतल्या काडतुसाला बुडाशी रुंद काठ असतो. त्या काठावर काडतूस नळीच्या तोंडाशी अडतं आणि नेमकं किती आत जायचं ते ठरतं. बोल्ट-रायफलीच्या पेटीत मात्र काडतुसं एकावर एक रचलेली असतात. तिथे हे काठ एकमेकांत अडकतात. काठ काढून टाकावा, तर काडतूस अडणार कशावर? बिनकाठाची काडतुसं एरवी आपल्या खांद्यावर अडतात. पण या निमुळत्या पुंगळ्यांचे खांदे इतके उतरते, की त्यांचा भरवसा धरता येईना. म्हणून हॉलंडच्या कारागिरांनी १९०५च्या .४००/३७५ या काडतुसाला बुडाच्या जरा वर एक पट्टा दिला. काडतूस पट्ट्यावर अडू लागलं. पुढे .३७५लाही तोच पट्टा मिळाला. एका विशिष्ट अडचणीवरचा हा विशिष्ट तोडगा होता.

हिंदुस्थानानं काडतुसांच्या जगात आणखी एक ढवळाढवळ केली. १९०७ साली इंग्रज सरकारनं इथे आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली. कारण शिकारीशी संबंधित नव्हतंच. लष्करातून बाद झालेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांची नळी त्याच व्यासाची होती आणि त्यातल्या कितीतरी नको त्या हातांत गेल्या होत्या. साहेबाच्या शिकारीच्या गोळ्या बंडखोरांच्या कामी येतील, ही भीती. रातोरात लंडनचे बंदूककार .४६५, .४७०, .४७५ अशी जवळपासची मापं काढायच्या मागे लागले. हॉलंडचं .५००/४६५ आणि जोसेफ लँगचं .४७० ही त्याच बंदीची अपत्यं. आफ्रिकेतला हत्तीचा शिकारी पुढे पन्नास वर्षं .४७० वापरत राहिला. तो आकार कलकत्त्याच्या एका सरकारी निर्णयातून आला होता, याची त्याला बहुधा गंधवार्ताही नसेल.

अशी गंमत आपल्याकडे अजून चालू आहे. ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल ही अनेक वर्षं सर्वसामान्य परवानाधारकाची ओळखीची बंदूक. .३०३ हे लष्करी माप, ते नागरिकाला नको, म्हणून हे दुसरं माप पुढे आलं. काडतुसाचा आकार कधी उन्हानं ठरतो, कधी कायद्यानं.

'लहान' म्हणजे काय, हे साल बघून ठरतं

१९२५ साली हॉलंडनं .३७५च्या पुंगळीचं तोंड आवळून त्यात .३० व्यासाची गोळी बसवली आणि .३०० मॅग्नम तयार केलं. दहा वर्षांनी, १९३५ साली, ओहायोतल्या कॅम्प पेरी इथे बेन कम्फर्ट यानं हे काडतूस वापरून हजार यार्डांवरच्या नेमबाजीतला मानाचा विम्बल्डन चषक जिंकला आणि अमेरिकेचं लक्ष मॅग्नमकडे गेलं. लवकरच विंचेस्टरनं आपली मॉडेल ७० ही रायफल .३०० आणि .३७५ या दोन्ही मापांत विकायला काढली.

अडचण लांबीची होती. अमेरिकेत घरोघरी ओळखीचं काडतूस म्हणजे लष्कराचं १९०६चं .३०-०६, एकूण लांबी साधारण ८५ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर माउझर आणि स्प्रिंगफील्ड या जुन्या लष्करी रायफली स्वस्तात मिळू लागल्या आणि गल्लोगल्लीचे बंदूककार त्यांना शिकारीचं रूप देऊ लागले. या रायफलींचा सांगाडा .३०-०६च्या लांबीला पुरणारा. त्यात ९१ मिलिमीटरचं .३७५ बसवायचं तर पोलाद कोरावं लागे. खास लांब सांगाडे मिळत, पण महाग.

कॅलिफोर्नियातल्या रॉय वेदरबीनं त्याच सुमारास वेगाचं वेड लावलं होतं. हॉलंडची पुंगळी पसरवून, खांदे गोल करून तो तिच्यात आणखी दारू कोंबे, आणि वेगानंच जनावर पडतं असं ठासून सांगे. विंचेस्टरला त्या बाजारात उतरायचं होतं, पण सांगाडा नेहमीचाच ठेवून. म्हणून त्यांनी हॉलंडची पट्टेवाली पुंगळी घेतली आणि कापली. १९५६ साली .४५८, १९५८ साली .३३८, त्याच सुमारास .२६४ आणि १९६३ साली .३००. रेमिंग्टननं मध्येच, १९६२ साली, ७ मिलिमीटरचं मॅग्नम काढलं. सगळी .३०-०६च्या रायफलीत मावणारी.

त्या काळच्या बंदूकविषयक लिखाणात या सगळ्यांना काय म्हणत? 'शॉर्ट मॅग्नम'!

आज ज्याला आपण 'नेहमीचं' किंवा 'स्टँडर्ड' मॅग्नम म्हणतो, ते काल 'लहान' होतं. पूर्ण लांबीचं मॅग्नम म्हणजे हॉलंडचं, आणि ही त्याची छाटलेली आवृत्ती. तेव्हाही जुनी मंडळी कुरकुरली. .३०० विंचेस्टरची मान इतकी आखूड, की ती गोळीच्या जाडीपेक्षाही कमी भरते, गोळी नीट धरणार कशी, असा आक्षेप होता. मॅग्नमच्या नावाखाली कापलेला माल विकतात, असंही म्हटलं गेलं. पुढे या काडतुसानं साठ वर्षं राज्य केलं आणि कुरकुर विसरली गेली.

कापण्याची किंमत एका ठिकाणी मात्र खरोखर मोजावी लागली. .४५८ विंचेस्टर हे आफ्रिकेतल्या हत्ती-रेड्यांसाठी होतं. ब्रिटिश दुनळीची जागा स्वस्त अमेरिकन रायफलीनं घ्यावी, हा बेत. ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला ६५० मीटर वेगानं जाईल, असं सांगण्यात आलं. पण ६३.५ मिलिमीटरच्या पुंगळीत एवढी लांब गोळी आत घुसल्यावर दारूला जागा उरेना. दारू दाबून बसवावी लागे. दाबलेल्या दारूचे काही वेळा गठ्ठे होत आणि ती नीट पेटत नसे. सांगितलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही, अशा तक्रारी आफ्रिकेतून येत राहिल्या. बंदुकांवर लिहिणारा जॅक लॉट १९५९ साली मोझांबिकमध्ये हेच काडतूस घेऊन गेला असता एका रेड्यानं त्याला उडवलं. तो जखमी झाला, पण वाचला. पुढे त्यानं हॉलंडची पुंगळी पुन्हा लांब ठेवून, ७१ मिलिमीटरची, स्वतःचं .४५८ लॉट तयार केलं. १९७१ सालची गोष्ट. कारखान्यानं सोयीसाठी कापलेला भाग एका जखमी माणसानं परत जोडला.

म्हणजे 'लहान' बरं की 'लांब' बरं, याचं उत्तर तेव्हाही एक नव्हतं. .३० व्यासाच्या मध्यम वजनाच्या गोळीला छाटलेली पुंगळी पुरली. .४५८च्या जाड, लांब गोळीला ती पुरली नाही.

लंडनची पुंगळी, नवं नाव

दरम्यान दारू सुधारत होती. १९५२ साली विंचेस्टरनं .३०८ बाजारात आणलं. त्याच घडणीचं काडतूस दोन वर्षांनी नाटोनं ७.६२ म्हणून स्वीकारलं. पुंगळी .३०-०६पेक्षा १२ मिलिमीटरनं आखूड, पण काम जवळपास तेच. त्याच्यासाठी आखूड सांगाड्याच्या रायफली आल्या आणि 'शॉर्ट अ‍ॅक्शन' हा शब्द रुळला. सांगाडा आखूड, म्हणजे बोल्टची मागे-पुढे चाल आखूड आणि रायफल थोडी हलकी.

मग यातही मॅग्नम का नको? रेमिंग्टननं १९६५ साली .३५० आणि पुढच्या वर्षी ६.५ मिलिमीटरचं मॅग्नम काढलं. पट्टेवाल्या पुंगळीची आणखी छाटणी करून ते मॉडेल ६०० या छोट्या रायफलीत घातलं. नळी फक्त साडेअठरा इंच. कागदावर छान वाटलेलं हे प्रकरण हातात घेतलं की दणका सणसणीत आणि आवाज कान फाडणारा. नळी आखूड असल्यानं दारूचा बराचसा जोर तोंडाशी ज्वाळ होऊन वाया जाई. पेटी इतकी आखूड, की लांब गोळी पुंगळीत खोल खुपसावी लागे. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. आज त्या रायफली संग्राहक शोधतात, ते त्यांच्या विचित्रपणासाठी.

कल्पना परत आली ती वेगळ्याच दारातून. १९७०च्या दशकाच्या मध्यात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी पीपीसी नावाची बुटकी, जाड काडतुसं केली. टेबलावर रायफल टेकवून पाच गोळ्या एकाच भोकातून कोण नेतो, असा तो खेळ. त्यात या बुटक्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. कारण असं सांगितलं गेलं, की दारूचा स्तंभ आखूड आणि रुंद असला, तर बुडाच्या टोपीची ठिणगी जास्त दारूला एकदम पोचते. लांब पुंगळीत पुढची दारू न जळता गोळीमागे नळीत ढकलली जाते. बुटक्या पुंगळीत ती जागच्या जागी आणि दर वेळी एकसारखी जळते.

२००१ साली विंचेस्टरनं हेच तत्त्व मॅग्नमला लावलं. .३०० शॉर्ट मॅग्नमसाठी त्यांनी हॉलंडची पट्टेवाली पुंगळी सोडली आणि दुसरीच एक जुनी पुंगळी पायाला घेतली: लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफ्री कंपनीची .४०४. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तिला पट्टा कधीच नव्हता आणि ती हॉलंडच्या पुंगळीपेक्षा जाड होती. जेफ्रीनं ती काढली, ती आपल्याच .४५०/४०० या दुनळी काडतुसाची ताकद बोल्ट-रायफलीत आणायला. आणि जेफ्रीचीच .४५०/४०० दुनळी जिम कॉर्बेटच्या हातात असे. कालाढुंगीच्या जंगलातल्या त्या दुनळीपासून कोलोरॅडोच्या दुकानातल्या 'नव्या' काडतुसापर्यंत अशी एक आडवाटेची सोयरीक लागते. रेमिंग्टननंही वर्षभरात त्याच घराण्यातली पुंगळी कापून स्वतःचं लहान मॅग्नम आणलं. या आकाराच्या पेटंटवरून कोर्टकचेरीही झाली. शंभर वर्षांपूर्वीची लंडनची पुंगळी कापायचा हक्क कुणाचा, असं म्हणा हवं तर.

दुकानातला प्रश्न

आता दुकानात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे वळू. त्याला काय सांगावं?

लहान मॅग्नम साधारण दहा-बारा टक्के कमी दारूत नेहमीच्या मॅग्नमची बरोबरी करतं, निदान १८० ग्रेनपर्यंतच्या गोळीला. रायफल शे-दीडशे ग्रॅमनं हलकी होऊ शकते. तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर चालायचं असेल, तर शे-दीडशे ग्रॅमही जाणवतात. बोल्टची चाल अर्ध्या इंचानं कमी. पट्टा नसल्यामुळे, स्वतः काडतुसं भरणाऱ्या माणसाची पुंगळी जास्त वेळा वापरता येते. पट्टेवाली पुंगळी पट्ट्याच्या वरच ताणली जाऊन तिथे फुटायला लागते. पट्टा ज्या अडचणीसाठी आला होता, ती .३०० विंचेस्टरच्या वेळीच संपलेली होती. त्याचे खांदे चांगले चढे आहेत, काडतूस त्यांच्यावर आरामात अडलं असतं. तरी पट्टा राहिला, कारण तोवर मॅग्नम म्हटलं की पट्टा हवाच, अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली होती.

नेहमीच्या मॅग्नमच्या बाजूनंही बरंच आहे. सडपातळ, निमुळतं काडतूस पेटीतून नळीत सहज सरकतं. जाड, चढ्या खांद्याचं काडतूस कधी कधी अडखळतं, रायफल नीट बनवलेली नसेल तर जास्तच. वजनदार, लांब गोळी वापरायची झाली, तर लहान पुंगळीत ती दारूची जागा खाते आणि .४५८चंच दुखणं लहान प्रमाणात परत येतं. हा मुद्दा अलीकडे मोठा झाला आहे. गिधाडं आणि कॉन्डॉर पक्षी शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन मरतात, म्हणून कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी केली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. आणखी एक साधी गोष्ट: आडगावच्या दुकानात काडतुसं संपली असताना .३०० विंचेस्टरची पेटी सापडण्याची शक्यता जास्त. लहान मॅग्नमच्या भावंडांपैकी काही, जसं ७ मिलिमीटरचं आणि .३२५, बाजारातून जवळपास नाहीशी झाली. त्यांच्या रायफली घेतलेली माणसं आता काडतुसं शोधत फिरतात.

इतकं सांगून झालं, तरी दोन्ही बाजूंना समान असलेली एक गोष्ट राहतेच, आणि जाहिरातीत ती लहान अक्षरातही नसते: धक्का. तीच गोळी त्याच वेगानं पाठवायची, तर खांद्यालाही जवळपास तेवढाच दणका बसणार, पुंगळी उंच असो की बुटकी. उलट लहान मॅग्नमची रायफल हलकी, म्हणून ती जास्तच उसळते. जोराच्या धक्क्याची सवय नसलेला माणूस चार-सहा बारांनंतर चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो. डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नळी हलते. हे त्याचं त्यालाही कळत नाही. शंभर-दीडशे मीटरवर तेवढ्यानं गोळी काळजाऐवजी पोटात जाते.

आणि गरज किती असते? कोलोरॅडो राज्याचा नियम एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यास आणि ८५ ग्रेनची गोळी मागतो. तीनशे किलोच्या जनावरासाठी हे कमीत कमी आहे, पुरेसं आहे असं नाही. पण मॅग्नमवाचून एल्क पडतच नाही, हा समज किती पोकळ आहे ते त्यावरून कळतं. .३०-०६नं तर एल्क शंभर वर्षं पडत आले आहेत.

याच्या दुसऱ्या टोकाला एक नाव नेहमी घेतलं जातं: डब्ल्यू. डी. एम. बेल, ज्याला करामोजो बेल म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसानं, ज्याला रिग्बी .२७५ म्हणत. हस्तिदंतासाठीचा तो संहार आज वाचतानाही अंगावर येतो. त्यातली तांत्रिक बाब मात्र खरी: मेलेल्या हत्तींची कवटी कापून बेलनं मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं, आणि त्या छोट्या काडतुसाचा धक्का इतका सौम्य होता की त्याचा हात हलत नसे. बाकीचे दुप्पट जाडीच्या गोळ्या झाडून हत्ती जखमी करत, तेव्हा बेलचा हत्ती जागच्या जागी बसे.

चंपावत

आता कुमाऊं. १९०७ साली जिम कॉर्बेटनं चंपावतच्या वाघिणीला मारलं. नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर नोंदली गेली होती. कॉर्बेटनं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'मध्ये लिहून ठेवलं आहे, की तिच्या तोंडाच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कुणाच्या तरी जुन्या गोळीची ती जखम. त्यामुळे तिला नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसांकडे वळली.

ती गोळी कुणी झाडली, कोणत्या बंदुकीतून, याची नोंद नाही. त्यानं घरी जाऊन 'वाघाला गोळी लागली होती' असंच सांगितलं असेल. खरंच लागली होती, फक्त चार बोटं इकडे-तिकडे. त्या चार बोटांचं मोल गवत कापायला, सरपण गोळा करायला गेलेल्या बायकांनी दिलं.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. ती होती रिग्बीची .२७५, म्हणजे बेलच्याच मापाची. पुंगळी ५७ मिलिमीटर, आजच्या लहान मॅग्नमपेक्षा पावणेचार मिलिमीटरनं लांब आणि कितीतरी बारीक. मॅग्नम म्हणावं असं तिच्यात काहीच नाही. पुढे अनेक वर्षं ती कॉर्बेटच्या आवडीची बंदूक राहिली. जंगलात चार दिवस पायी हिंडताना खांद्यावर वागवता येईल आणि वेळ आली की अंग चोरायला लावणार नाही, अशी.

म्हणून त्या दुकानातल्या माणसानं मला विचारलंच, तर मी त्याला आधी विचारीन, की तू वर्षाकाठी किती बार सरावाला उडवतोस? वीस उडवत असशील, तर दोन्ही मॅग्नम फळीवर परत ठेव आणि .३०८ किंवा .३०-०६ घे. दोनशे उडवत असशील आणि दणका सोसत असशील, तर पुढचा हिशेब सोपा आहे. डोंगर चढायचा आहे आणि मध्यम वजनाची गोळी पुरे आहे, तर लहान मॅग्नम घे. तांब्याची लांब किंवा वजनदार गोळी हवी आहे, किंवा आडगावात काडतूस मिळायला हवं आहे, तर नेहमीचं घे. आणि काहीही घेतलंस, तरी ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसवता येतात, त्याच्या पलीकडे चाप ओढू नकोस.

टेबलावरची दोन काडतुसं अजून उभीच आहेत. एकाच्या अंगावर कॉर्डाइटच्या काळातला पट्टा आहे, दुसऱ्याच्या पोटात जेफ्रीची जाडी. विकणारा दोन्हींना नवीन म्हणूनच विकत आला. समोरच्या जनावराला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती पावणेबारा ग्रॅमची गोळी, आणि ती नेमकी कुठे पोचते एवढ्यावरच पुढचं सगळं ठरतं.